कामाची जागा म्हणजे मर्दानगीची परीक्षा नव्हे

मेक्सिकोच्या आखातात खोल समुद्रात उभ्या असलेल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करायचं म्हणजे अवजड यंत्रं, प्रचंड दाबाखालचा वायू, आगीची टांगती तलवार आणि आठवडेच्या आठवडे घरापासून लांब राहणं. कामगार जवळजवळ सगळे पुरुष. तिथली जुनी रीत ठरलेली होती: भीती वाटली तरी दाखवायची नाही, येत नसलं तरी विचारायचं नाही, लागलं तरी बोलायचं नाही. जो सगळ्यांत दांडगा आणि मोठ्या आवाजाचा, तोच पुढे जाणार. रॉबिन इली आणि डेब्रा मेयरसन या अभ्यासकांनी अशा दोन प्लॅटफॉर्मवर १९ महिन्यांच्या काळात जाऊन तिथलं काम जवळून पाहिलं आणि २००८ साली त्यावर लिहिलं. त्यांना दिसलं ते भलतंच होतं. आडदांड बाप्ये गडी एकमेकांसमोर ‘हे माझ्याकडून चुकलं’ म्हणत होते, ‘मला हे जमत नाहीये, जरा ये’ असं हाक मारून सांगत होते, कोणाच्या घरी अडचण असेल तर त्याची विचारपूस करत होते. कंपनीने सुरक्षिततेचा कार्यक्रम हाती घेतल्यापासून १५ वर्षांत अपघातांचं प्रमाण ८४ टक्क्यांनी खाली आलं होतं. उत्पादन आणि कार्यक्षमता मात्र त्या उद्योगातल्या आधीच्या उच्चांकांच्या पुढे गेली होती.

पुरुषांना हळवं करावं असा त्या कंपनीचा हेतू कधीच नव्हता. तिला अपघात थांबवायचे होते. त्यासाठी तीन गोष्टी बदलल्या. आपल्या बरोबरचा प्रत्येक जण धडधाकट घरी गेला पाहिजे, हे ध्येय सगळ्यांचं मिळून ठरलं. कर्तबगार कोणाला म्हणायचं, हे कामाची खरी गरज पाहून ठरलं. दांडगाईला त्यात गुण उरले नाहीत. आणि चूक झाली की माणूस शोधण्याआधी कारण शोधायचं, हा नियम झाला. एवढं झाल्यावर शूर दिसण्याची गरज हळूहळू गळून पडली. ते दिसून काही मिळत नव्हतं.

आमचं म्हणणं याच पायावर उभं आहे. निकोप पुरुषपण हा स्वभाव सुधारण्याचा विषय मानला जातो आणि म्हणून तो व्याख्यानात अडकतो. वास्तविक तो कामाच्या रचनेचा विषय आहे. तुमच्या विभागात हुशार कोणाला म्हणतात, चूक उघड झाल्यावर पुढच्या मिनिटाला काय होतं, रजा कोण घेतं, बढती कोणाला मिळते, यावर तिथले पुरुष कसे वागतात हे बव्हंशी ठरतं. या गोष्टी वरिष्ठाच्या हातात असतात. म्हणून माणुसकीचं नेतृत्व आणि निकोप पुरुषपण हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत.

जोसेफ व्हँडेलो आणि जेनिफर बॉसन या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली एक गोष्ट नेमकी दाखवली: पुरुषपण हे कमवावं लागतं, ते गमावलंही जाऊ शकतं आणि चारचौघांत पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं, अशी लोकांची धारणा असते. स्त्रीपणाबद्दल ती इतकी तीव्र नसते. त्यांच्या पुढच्या एका प्रयोगात काही पुरुषांना पुतळ्याच्या केसांची वेणी घालायला सांगितली, तर काहींना दोरी विणायला. हाताचं काम जवळपास सारखंच. नंतर पंचिंग बॅगवर ठोसे मारायला दिल्यावर वेणी घातलेल्यांचे ठोसे जास्त जोरदार निघाले. हातून काहीतरी निसटल्यासारखं वाटलं आणि ते परत मिळवायला हात उचलला गेला. दिवसातून दहा वेळा ज्याला वाटतं की आपल्यावर बोट दाखवलं जातंय, तो माणूस कार्यालयात ठोसे मारत नाही. तो बैठकीत दुसऱ्याला तोडतो, अशक्य तारखेला हो म्हणतो, माहीत नसलेल्या गोष्टीवर ठाम मत देतो.

जेनिफर बर्डाल, पीटर ग्लिक आणि मॅरिअ‍ॅन कूपर यांनी अशा कार्यालयांचे चार अलिखित नियम मांडले आहेत. कमजोरी दाखवायची नाही. अंगात रग आणि दम असला पाहिजे. कामापुढे घरदार दुय्यम. आणि चौथा, दुसऱ्याला खाली पाडल्याशिवाय आपण वर जात नाही. या स्पर्धेत बायकाही उतरतात, उतरावंच लागतं, आणि जिंकूनही त्यांना जिंकल्याचं श्रेय मिळत नाही. बहुतेक पुरुषही त्यात हरतात. तरी प्रत्येकाला वाटत राहतं की बाकीच्यांना हे पसंत आहे, म्हणून कोणी बोलत नाही.

यातला पहिला नियम सर्वांत महाग पडतो, आणि तो किती महाग पडतो हे विमान वाहतुकीने फार भोगून शिकलं. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम या विमान कंपनीचं बोइंग ७४७ उड्डाणासाठी धावपट्टीच्या टोकाला उभं होतं आणि पॅन अ‍ॅमचं दुसरं ७४७ अजून त्याच धावपट्टीवर होतं. केएलएमचा कॅप्टन म्हणजे कंपनीचा नावाजलेला प्रशिक्षक वैमानिक. विमानाने वेग घ्यायला सुरुवात केली होती तेव्हा फ्लाइट इंजिनिअरने रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका काढली, ते पॅन अ‍ॅमचं विमान बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. काही सेकंदांत टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. धुकं होतं, रेडिओवर दोघं एकाच वेळी बोलल्याने संदेश अर्धवट ऐकू आले होते, शब्द मोघम होते; कारणं पुष्कळ होती. पण बरोबर शंका योग्य वेळी एका माणसाच्या तोंडून बाहेर पडली होती, आणि तिला तिथे जागा नव्हती.

पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ युनायटेड या विमान कंपनीचं एक विमान इंधन संपून कोसळलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन घटत चालल्याचं सहकारी बोलले, पण दबकत. १९७९ साली नासाने याच विषयावर कार्यशाळा भरवली आणि १९८१ पासून युनायटेडने वैमानिकांना वेगळंच शिक्षण द्यायला सुरुवात केली: कनिष्ठाने शंका कशी मांडायची, ती ऐकली गेली नाही तर पुन्हा ठामपणे कशी मांडायची, आणि कॅप्टनने ती मागून कशी घ्यायची. जुन्या कॅप्टनांना हे सुरुवातीला मुळीच रुचलं नव्हतं. १९ जुलै १९८९ रोजी त्याच कंपनीच्या २३२ क्रमांकाच्या उड्डाणात शेपटीचं इंजिन फुटून विमानाच्या सगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. सुकाणू हाताला लागेना. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांमध्ये बसलेल्या, त्या दिवशी कामावर नसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाची मदत घेतली. त्याने इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे त्यांचा जोर कमी-जास्त करायचे दांडे, सांभाळले, बाकीचे तिघे उरलेलं बघत राहिले. विमानातल्या २९६ जणांपैकी १८४ वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले, की कॅप्टनलाच सगळं कळतं ही समजूत सोडायला त्या शिक्षणाने शिकवलं होतं, आणि त्यामुळेच एवढी माणसं वाचली. मदत मागितल्याने त्यांचा अधिकार कमी झाला, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

आता हेच साध्या कार्यालयात आणून बघू. मासिक आढाव्याची बैठक, दहा-बारा माणसं, समोर वरिष्ठांचे वरिष्ठ. विभागप्रमुख पडद्यावर आकडे दाखवतोय. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी हळूच म्हणते, “सर, हा आकडा गेल्या तिमाहीचा वाटतोय.” पुढचे दहा सेकंद हे त्या विभागाचं खरं धोरण. प्रमुख म्हणाला, “ते बैठकीनंतर बघू,” तर तिने पुन्हा तोंड उघडायला वर्ष लागेल. तो हसत “अरे वा, आमच्याकडे ऑडिटर आल्या!” म्हणाला तर आणखी वाईट, कारण बाकीचेही हसतील. आणि तो म्हणाला, “थांब, बघतो. हो, बरोबर आहे, माझ्याकडून जुनी फाइल उघडली गेली. बरं झालं लक्षात आणून दिलंस. आणखी कुठे शंका असेल तर आत्ताच सांगा, मग पुढे जाऊ,” तर तो चूक मान्य करून थांबला नाही, त्याने खोलीतल्या सगळ्यांना परवानगी दिली. या वाक्यांमध्ये क्रमाला महत्त्व आहे. आधी तपासायचं, मग चूक स्वतःच्या नावावर घ्यायची, मग श्रेय द्यायचं, आणि शेवटी आणखी मागायचं. शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. चूक असलीच नाही तरी पहिली आणि शेवटची पायरी तशीच राहते: “बघितलं, हा याच तिमाहीचा आहे, पण विचारलंस ते बरं केलंस. आणखी शंका असेल तर सांगा.”

एक इशारा इथेच देऊन ठेवायला हवा, कारण अनेक चांगले प्रयत्न या एका ठिकाणी बुडतात. वातावरण मोकळं झालं की पहिल्या काही महिन्यांत चुकांची संख्या वाढते. कागदावर वाढते. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा ज्या तुकड्यांचं नेतृत्व चांगलं तिथेच चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. त्या तुकड्या जास्त चुकत होत्या असं नव्हे; त्या बोलत होत्या. यातूनच त्यांची मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे शंका किंवा चूक बोलून दाखवली तर आपल्यावर उलटणार नाही या भरवशाची, कल्पना पुढे १९९९ साली मांडली गेली. ज्या व्यवस्थापकाला हे माहीत नसतं, तो तिसऱ्या महिन्याचा तक्ता पाहून बिथरतो आणि पुन्हा दंडुका हातात घेतो. तेव्हा आधीच ठरवून ठेवावं, की निदान दोन तिमाही नोंदलेल्या चुकांचा आकडा कोणाच्याही मूल्यमापनात येणार नाही. लपवलेली चूक सापडली तर मात्र ती येईल, हेही त्याच दिवशी सांगावं.

रागाचा मुद्दा जरा सविस्तर घ्यावा लागेल. पुरुषाला रडू आलं तर खोली अवघडते, पण तो ओरडला तर त्याला कामाची कळकळ आहे असं म्हटलं जातं. व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन यांच्या २००८ च्या अभ्यासात हेच निघालं: रागावलेल्या पुरुषाला लोकांनी वरचं स्थान दिलं, तसाच राग दाखवणाऱ्या बाईचं स्थान खाली गेलं. म्हणजे पुरुषाला जी एकच भावना उघडपणे दाखवायची मुभा आहे, तिच्यावर त्याला बक्षीसही मिळतं. मग तो थकवा, भीती, अपमान, काळजी सगळं रागाच्याच वाटेने बाहेर काढतो, यात नवल ते काय? भुर्दंड मात्र कामाला पडतो. २०१५ साली नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांतल्या २४ तुकड्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरावाच्या वेळी काही तुकड्यांना बाहेरच्या तज्ज्ञाकडून चार खोचक शब्द ऐकवले गेले, शिवीगाळ वगैरे काही नाही. तेवढ्याने निदानही घसरलं आणि हाताचं कामही. माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी आणि मदत मागेनाशी झाली. ‘मी ओरडतो म्हणून कामं होतात’ असं मानणाऱ्या प्रत्येक साहेबाने हा प्रयोग ध्यानात ठेवावा. तो ओरडतो तेव्हा खोलीतल्या लोकांची बुद्धीच कमी चालते.

राग येणं चूक नाही. फसवणूक झाली, कोणाच्या जिवाशी खेळ झाला तर राग यायलाच हवा. तो कसा वापरायचा, हे शिकता येतं. आवाज चढतोय हे लक्षात आलं की निर्णय त्या खोलीत घ्यायचा नाही; “मला यावर राग आलाय, चार वाजता पुन्हा बसू” एवढं बोलून उठायचं. राग आल्याचं शब्दांत सांगणं आणि तो अंगावर फेकणं यात फार अंतर आहे. परत बसल्यावर काय घडलं, त्याचा परिणाम काय झाला आणि आता काय हवं, या तीनच गोष्टी बोलायच्या. ‘तू नेहमीच’, ‘तुला कधीच’, ‘लाज वाटायला हवी’ हे शब्द वर्ज्य. आणि तोल गेलाच तर माफी त्याच लोकांसमोर मागायची, ज्यांच्यासमोर ओरडलं गेलं. केबिनमध्ये बोलावून खासगीत मागितलेल्या माफीने अपमान पुसला जात नाही, कारण तो चारचौघांत झालेला असतो. माफीत ‘पण’ नको. “काल मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो. ते चूक होतं. मुद्दा कामाचा होता, तो मी आज वेगळा बोलेन.” इतकं पुरे. त्यात आपल्यावर किती दडपण होतं हे सांगायला लागलं की समोरच्यालाच आपलं सांत्वन करावं लागतं.

दम दाखवण्याच्या, म्हणजे जास्त तास बसण्याच्या नियमाविरुद्ध तर पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत ठेवलेल्या नोंदी जॉन पेंकॅव्हेल यांनी २०१४ साली पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांच्या पुढे प्रत्येक जादा तासाचं उत्पादन घसरत जातं; ७० तास राबलेल्या कामगाराचं एकूण उत्पादन ५६ तासवाल्यापेक्षा फारसं जास्त भरत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली हिशेब मांडला, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. २०१६ या एका वर्षात अशा कामामुळे सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले आणि त्यातले ७२ टक्के पुरुष होते. एरिन रीड यांनी एका सल्लागार कंपनीचा अभ्यास केला, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. खरोखर ८० तास राबणारा कोण आणि तसा आव आणून गुपचूप वेळेवर घरी जाणारा कोण, हे वरिष्ठांना ओळखताच येत नव्हतं. उघडपणे कमी तास मागणाऱ्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागत होती. ज्या गोष्टीचा कामावर फरक दिसत नाही तिच्यासाठी माणसं खोटं बोलत होती, आणि खरं बोलणारे मागे पडत होते.

इथे पुरुष वरिष्ठाचं वागणं फार मोजलं जातं. नॉर्वेने १९९३ साली पालकत्वाच्या रजेतले चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. त्यानंतरच्या नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञांनी काढलं, की एखाद्या पुरुषाच्या सहकाऱ्याने ही रजा घेतली तर तो स्वतः ती घेण्याची शक्यता ११ टक्के अंकांनी वाढते, भावाने घेतली तर १५. सहकारी जर वरिष्ठ व्यवस्थापक असेल, तर हा परिणाम अडीच पटीहूनही मोठा होतो. लोक परिपत्रक वाचत नाहीत, साहेब काय करतो ते बघतात. तेव्हा वरिष्ठाने रजा घ्यायची ती दिसेल अशी घ्यायची. कारण लपवायचं नाही: “मुलगी आजारी आहे, आज मी घरी आहे.” फोन चालू ठेवून घेतलेली रजा रजा नसते, आणि तीच खालच्यांना शिकवली जाते. जाण्याआधी एका पानावर लिहून द्यायचं: कोणते निर्णय कोण घेईल, किती रकमेपर्यंत, आणि कोणत्या दोनच प्रसंगी मला फोन करायचा. परत आल्यावर त्यांनी घेतलेले निर्णय उलटवायचे नाहीत, अगदी नुकसान होत असल्याशिवाय. रात्री अकराला सुचलेलं पत्र लिहायला हरकत नाही, पण ते सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवायची.

माणुसकी म्हणजे मऊपणा, हा गैरसमज दोन्ही बाजूंनी घात करतो. कठोर साहेबाला वाटतं की माणुसकी दाखवली की लोक डोक्यावर बसतील. आणि चांगुलपणाच्या नादात काही साहेब कोणाला खरं सांगतच नाहीत. वर्षभर ‘छान चाललंय’ ऐकलेल्या माणसाला मार्चमध्ये कळतं की त्याची पगारवाढ थांबली आहे. आमच्या मते हे ओरडण्याइतकंच अमानुष आहे, कारण सुधारायची संधी गेलेली असते. कडक गोष्ट सांगायची ती त्याच आठवड्यात, एकट्याला, एकाच प्रसंगाबद्दल. काय पाहिलं, त्याने काय बिघडलं, तुझी बाजू काय, पुढे काय वेगळं करायचं, आणि पुन्हा कधी भेटायचं. ती भेटीची तारीख तिथेच ठरवली नाही तर बाकी सगळं वाया जातं. शेली कोरेल आणि कॅरोलिन सिमार्ड यांनी २०१६ साली दाखवलं की स्त्रियांच्या वाट्याला मोघम शेरे जास्त येतात आणि ते त्यांच्या बढतीच्या आड येतात. बाईला दुखावेल म्हणून तिला खरं न सांगणारा वरिष्ठ स्वतःला सभ्य समजत असतो, पण तो तिला शिकण्यापासून वंचित ठेवतो. एकट्या स्त्री सहकाऱ्याशी बोलायला नको, नसती आफत, म्हणून तिला मार्गदर्शनच न करणं हा त्याचाच दुसरा नमुना. उपाय सोपा आहे. सगळ्यांना, स्त्री असो की पुरुष, सारख्याच जागी, सारखाच वेळ आणि सारख्याच रीतीने भेटायचं.

बैठकीत कोण कोणाला तोडतं याकडे लक्ष द्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातसुद्धा स्त्री न्यायमूर्तींचं बोलणं पुरुषांच्या मानाने जास्त वेळा मध्येच तोडलं जातं, असं २०१७ च्या एका संशोधनात निघालं. पुढे २०२१ पासून तिथे प्रत्येक न्यायमूर्तीला ज्येष्ठतेच्या क्रमाने प्रश्न विचारायची स्वतंत्र पाळी ठेवली गेली. सर्वोच्च पदावर बसलेल्या बाईलाही जे आपल्या हिमतीवर पुरेसं जमलं नाही, ते रचनेतल्या एका बदलाने बरंचसं साधलं. कार्यालयात हेच करता येतं. बोलण्याची पाळी ठेवा. टिपणं काढणं, वाढदिवसाची वर्गणी जमवणं, पाहुण्यांची सोय बघणं ही कामं पाळीपाळीने वाटा आणि पहिली पाळी पुरुषाला द्या. कोणी कोणाला तोडलं तर जवळच्या पुरुषाने सरळ म्हणावं, “तिचं पुरं होऊ दे.” तिच्या वतीने तिचा मुद्दा समजावून सांगायला लागू नये, रक्षणकर्ता बनण्यातही मोठेपणाचा सोस असतो. बायकांवरचा अचकट विनोद झाला तर न हसणं हेच निम्मं काम. उरलेलं निम्मं एका सपाट वाक्यात होतं: “हे इथे नको.” भाषण नको, कारण भाषण केलं की विषय तुमचा होतो. नंतर जिच्यावर विनोद झाला तिला विचारायचं, पुढे काही करावं असं वाटतं का, आणि ती नको म्हणाली तर तिच्या निर्णयाचा मान ठेवायचा. मात्र लैंगिक छळाची तक्रार कानावर आली तर गप्प राहायची मुभा वरिष्ठाला नसते. स्वतः चौकशी करत बसणं, दोघांना समोरासमोर बसवून मिटवणं, ‘तो तसा नाही’ अशी ग्वाही देणं यातलं काहीही करायचं नाही. ठरलेल्या समितीकडे लगेच पोचवायचं, आणि पुढचे काही महिने तक्रार करणारीची बदली, कामातली काटछाट, बैठकीतून वगळणं असं काही होत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली १९० क्रमांकाचा करार संमत केला तो कामाच्या जगातल्या सगळ्याच हिंसेविरुद्ध आणि छळाविरुद्ध आहे, त्यात पुरुषांचा पुरुषांकडून होणारा छळही येतो.

तोही कमी होत नाही, आणि त्याबद्दल फार थोडं बोललं जातं. नव्या मुलाची टर उडवणं, ‘बायकी’ म्हणून हिणवणं, लवकर घरी जाणाऱ्याला जोरू का गुलाम म्हणणं हे गंमत म्हणून खपतं. त्रास होतोय म्हणायचं तर पुन्हा कमजोरी ठरते. जगभरात पुरुषांमधलं आत्महत्येचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे. ही आकडेवारी फक्त कार्यालयांमुळे तयार झालेली नाही हे खरं, पण दिवसाचे जागेपणीचे निम्मे तास जिथे जातात तिथे कोणाच्या लक्षात येऊ नये, हे सोसण्यासारखं नाही. ‘ठीक आहेस ना?’ या प्रश्नाला पुरुषाकडून उत्तर येतं, ‘हो, ठीक’. तिथेच गाडी थांबते. दिसलेलं सांगून विचारायचं: “गेले दोन आठवडे तू डब्याला आमच्यात बसत नाहीयेस, आणि काल त्या फोननंतर बराच वेळ तसाच बसला होतास. काय चाललंय?” मग गप्प राहायचं. त्याने बोलायला वेळ घेतला तर घेऊ द्यायचा. लगेच उपाय सुचवायचा नाही, आपली कहाणी सांगायची नाही. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही निघालं तर आत्महत्येचा विचार येतो का, असं थेट विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. त्याला एकटं न सोडता घरच्या माणसाला किंवा डॉक्टरला गाठायचं. साहेब समुपदेशक नसतो. त्याचं काम आहे लक्षात येणं, विचारणं आणि योग्य माणसापर्यंत पोचवणं. नंतर दर आठवड्याला एकदा पुन्हा विचारणंही त्याचंच.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, की तुम्ही पुरुषांना पुरुष राहू देत नाही आहात. तो झटकून टाकू नये. धैर्य, जबाबदारी अंगावर घेणं, संकटात पुढे उभं राहणं, शब्द पाळणं, हे गुण पुष्कळ पुरुष आपल्या पुरुषपणाशी जोडून बघतात आणि ते चांगलेच आहेत. त्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ते कमी झाले नव्हते. चालू यंत्र थांबवून ‘मला हे धोक्याचं वाटतंय’ म्हणायला, उत्पादन खोळंबतंय हे माहीत असताना, आधीपेक्षा जास्त धैर्य लागत होतं. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: असा वागणारा पुरुष मागे पडतो. हेही खरं आहे. लॉरी रुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत नम्रपणे बोलणाऱ्या पुरुष उमेदवाराला लोकांनी कमी पसंत केलं, घरच्यांच्या काळजीसाठी रजा मागणाऱ्या पुरुषाला कमकुवत ठरवलं. म्हणून ‘पुरुषांनो, बदला’ असं खालच्या माणसाला सांगणं अन्यायाचं आहे. त्याचे हप्ते आहेत, बढती अडकलेली आहे. किंमत ज्याला परवडते त्याने आधी मोजायची, आणि ती परवडते वरच्याला.

एक दिवसाच्या कार्यशाळेने यातलं काहीही होत नाही. लोक टाळ्या वाजवतात, प्रमाणपत्र घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच चार नियमांच्या खोलीत परततात. सुरुवात करायची तर गेल्या दोन वर्षांतल्या बढत्यांची यादी घेऊन बसा. प्रत्येक नावापुढे लिहा, हा माणूस का निवडला गेला, कागदावरचं कारण आणि खरं कारण. मग प्रत्येकाच्या हाताखालून किती जण सोडून गेले, किती जण शिकून पुढे गेले, त्याच्या विभागातून स्वतःहून कळवलेल्या चुका किती, रजा किती जणांनी पूर्ण घेतल्या, हे चार आकडे शेजारी मांडा. आकडे उत्तम आणणारा पण माणसं मोडणारा एक जण त्या यादीत बहुधा सापडतोच, आणि सगळं कार्यालय त्याच्याकडे बघत असतं. त्याला स्पष्ट मुदत द्यायची, सहा महिने. कोणतं वागणं थांबलं पाहिजे हे लेखी द्यायचं, मदतीला माणूस द्यायचा, दर महिन्याला त्याच्या हाताखालच्यांशी वेगळं बोलायचं. सहा महिन्यांनी फरक पडला नसेल तर त्याच्या हाताखालून माणसं काढून घ्यायची, मग तो कितीही धंदा आणत असो. पुढच्या बढतीच्या मुलाखतीत सगळ्यांना एक प्रश्न सारखाच विचारायचा: गेल्या वर्षी तुमच्या हाताखालच्या कोणी तुमचं कोणतं मत बदलायला लावलं? ज्याला एकही प्रसंग आठवत नाही, त्याची नेमणूक माणसं सांभाळायच्या जागेवर तूर्त करू नये.